कूपरस्टाउनचं बेसबॉल म्युझियम, आणि बेसबॉलमध्ये दडलेलं क्रिकेट

पाटीपेन्सिल:
नमस्कार मंडळी, इथे क्रिकेटवर धागे भरपूर आहेत पण बेसबॉलवर काहीच दिसलं नाही म्हणून हा काढतोय. नुकतंच न्यूयॉर्क राज्यातल्या कूपरस्टाउनला जाऊन बेसबॉल हॉल ऑफ फेम (थोर खेळाडूंचं सन्मान दालन) आणि म्युझियम बघून आलो. तिथे जे जे वाचलं ते क्रिकेटवाल्या माणसाला इतकं जवळचं आहे की सांगितल्याशिवाय राहवत नाही.

गाव म्हणजे एवढंसं, वस्ती दोन हजाराच्या आत, ऑट्सेगो तळ्याच्या काठी वसलेलं, रेल्वे नाही, आम्ही न्यूजर्सीहून गाडीनं गेलो तर साधारण चार तास लागले. मेन स्ट्रीटवर विटांची इमारत आहे, हेच ते म्युझियम. १२ जून १९३९ ला उघडलं. आता एवढ्या आडगावात का, तर अधिकृत गोष्ट अशी होती की १८३९ साली ॲबनर डबलडे नावाच्या तरुणानं याच गावात काठीनं मातीत आखून बेसबॉलचा खेळ तयार केला. म्हणजे १९३९ ला बरोब्बर शंभर वर्षं. सरकारनं ३ सेंटचं टपाल तिकीट पण काढलं होतं त्या वर्षी.

आणि ही गोष्ट खरी नाही! डबलडे १८३९ साली वेस्ट पॉइंटला लष्करी शिक्षण घेत होता. पुढे तो यादवी युद्धात जनरल झाला, १८६१ ला फोर्ट समटर किल्ल्यातून उत्तरेच्या बाजूनं पहिली तोफ त्यानंच डागली असं मानतात, पण १८९३ ला वारला तोवर बेसबॉल आपण शोधला असं त्यानं कुठेही म्हटलेलं नाही. गंमत म्हणजे हॉल ऑफ फेममध्ये स्वतः डबलडे नाहीच. मला आवडलं ते हे की म्युझियम हे झाकून ठेवत नाही, दंतकथा आहे असं मान्य करतं.

त्या गोष्टीतला एक पुरावा मात्र जपून ठेवलाय, त्याला डबलडे बॉल म्हणतात. काचेमागे एक छोटासा काळपट चेंडू, गोल म्हणावा असाही राहिलेला नाही, चामडं फाटलंय, शिवण उसवलीय आणि आत भरलेलं कापड बाहेर डोकावतंय. १९३४ मध्ये जवळच्या फ्लाय क्रीक गावात एका जुन्या ट्रंकेत सापडला. शिलाई मशीनवाल्या सिंगर कंपनीच्या पैशाचा वारसदार स्टीफन क्लार्क याच गावचा, त्यानं तो ५ डॉलरला विकत घेतला आणि त्यातून म्युझियमची कल्पना निघाली. मी त्या पेटीसमोर बराच वेळ उभा होतो. कोणी खेळलं असेल त्यानं ते माहीत नाही, पण कुणीतरी पोरांनी खेळून खेळून झिजवलेला आहे हे नक्की दिसतं.

अजून खूप आहे, प्रतिसादात लिहितो.

झुळूक:
वा, मस्त विषय. पण मग ही डबलडेची गोष्ट आली कुठून? कुणीतरी बसून रचली का?

पाटीपेन्सिल:
झुळूकताई, तिचा उगम एका भांडणात आहे आणि ते भांडण दोन जवळच्या माणसांचं होतं.

एक हेन्री चॅडविक. जन्म १८२४, इंग्लंडमधल्या एक्सेटरचा, लहानपणी अमेरिकेत आला, पेपरात क्रिकेटचं वार्तांकन करायचा. १८५६ मध्ये बेसबॉलची एक चांगली मॅच बघितली आणि याच खेळावर जीव जडला. पण म्हणायचा की हा खेळ आमच्या इंग्लंडच्या राउंडर्स नावाच्या मुलांच्या खेळातून आलाय. दुसरा अल्बर्ट स्पाल्डिंग, स्वतः मोठा पिचर (चेंडू टाकणारा, आपला बॉलर), नंतर खेळाचं सामान विकणारी कंपनी काढली, त्याला हे सहन होईना, अमेरिकेचा राष्ट्रीय खेळ आणि तो इंग्रजांचा कसा असेल. १८८८-८९ मध्ये त्यानं खेळाडू घेऊन जगभर दौरा केला, कोलंबोला खेळले, इजिप्तमध्ये पिरॅमिडच्या पायथ्याशी खेळले, परत आल्यावर न्यूयॉर्कला डेल्मोनिको हॉटेलमध्ये मोठी मेजवानी झाली, मार्क ट्वेनपण होता, आणि नॅशनल लीग या बेसबॉल लीगचे माजी अध्यक्ष ए. जी. मिल्स भाषणात म्हणाले की बेसबॉल पूर्णपणे अमेरिकन आहे, तर लोक टेबलं बडवत ओरडायला लागले "नो राउंडर्स! नो राउंडर्स!"

मग १९०५ मध्ये त्याच मिल्ससाहेबांच्या नावानं कमिटी बसली. कमिटीनं पेपरातून लोकांना आठवणी पाठवा असं आवाहन केलं, आणि डेन्व्हरच्या ॲबनर ग्रेव्हज नावाच्या म्हाताऱ्या खाण इंजिनिअरचं पत्र आलं की मी कूपरस्टाउनला लहान असताना डबलडेला हा खेळ आखताना पाहिलंय. ग्रेव्हज १८३९ ला पाच वर्षांचा होता! आणि पत्र लिहिताना सत्तरी ओलांडलेली. पण कमिटीला हवं तेच मिळालं, युद्धवीर जनरल, अमेरिकन गाव, कुठेही इंग्लंड नाही. १९०७ च्या शेवटी अहवाल झाला आणि पुढची कित्येक वर्षं शाळेत मुलं हेच शिकली. मला सगळ्यात खटकलं ते हे की मिल्स आणि डबलडे एकमेकांना ओळखत होते, एकाच माजी सैनिक संघटनेतले, आणि इतक्या वर्षांच्या ओळखीत हा विषय कधी निघाला नव्हता हे मिल्सना माहीत असणारच.

होबोकनकर:
धाग्यात माझ्या गावाचं नाव अजून कसं आलं नाही! मी होबोकनला राहतो, इथे आपली मराठी मंडळी चिक्कार आहेत, रोज पाथ ट्रेननं मॅनहॅटनला जातात पण फार कमी जणांना माहितीये की ११ वी गल्ली आणि वॉशिंग्टन स्ट्रीट जिथे मिळतात तिथे एक फलक आहे. तिथे पूर्वी एलिजियन फील्ड्स नावाचं मोठं हिरवं मैदान होतं, स्टीव्हन्स घराण्याचं, न्यूयॉर्कचे लोक फेरी बोटीनं हडसन ओलांडून हवा खायला यायचे कारण मॅनहॅटनमध्ये मोकळ्या जागा भराभर संपत चालल्या होत्या.

१८४५ मध्ये न्यूयॉर्कच्या निकरबॉकर क्लबनं नियम लिहून काढले आणि १९ जून १८४६ ला इथे न्यूयॉर्क नाइन नावाच्या संघाशी मॅच खेळले. निकरबॉकर २३-१ नं हरले, तेही चार डावात! स्वतःच लिहिलेल्या नियमांनी. त्यांच्या वहीत नोंद आहे की समोरच्या संघातल्या एका खेळाडूनं शिवी दिली म्हणून त्याला ६ सेंट दंड केला. मला ही ६ सेंटची नोंद फार आवडते, सगळी माणसं एकदम खरी वाटायला लागतात.

धोंडू_बापट:
मग अलेक्झांडर कार्टराइटनं शोधला असं ठरलं ना? मी तर हेच वाचलं होतं.

पाटीपेन्सिल:
बापटकाका, कार्टराइट त्या क्लबचा होता हे खरं आणि १९३८ मध्ये त्याला हॉल ऑफ फेममध्ये घेतलंय. १८४९ ला सोन्याच्या शोधात कॅलिफोर्नियाला गेला, तिथून हवाईला, होनोलुलूत अग्निशमन दलाचा प्रमुख झाला आणि तिथेच १८९२ ला वारला. पण त्याच्या नावावर जे घातलं जातं, म्हणजे दोन बेसमध्ये (पळताना गाठायच्या ठिकाणांमध्ये) ९० फूट, प्रत्येक बाजूला नऊ खेळाडू, नऊ डाव, हे १८४५ च्या नियमात नाहीच. तेव्हा २१ धावा आधी करेल तो जिंकायचा. ९० फूट आणि नऊ डाव १८५७ च्या क्लबांच्या बैठकीत ठरलं आणि त्या बैठकीचा अध्यक्ष होता डॉक ॲडम्स, पेशानं डॉक्टर. शॉर्टस्टॉप ही फिल्डिंगची जागा पण त्यानंच सुरू केली असं मानतात, कारण चेंडू तेव्हा इतका हलका असायचा की लांबून थेट फेकता यायचा नाही, मध्ये कुणीतरी झेलून पुढे द्यायला लागायचा. त्या बैठकीतले हाताने लिहिलेले नियम २०१६ मध्ये लिलावात ३२ लाख डॉलरच्या वर गेले. आणि डॉक ॲडम्स अजून हॉल ऑफ फेममध्ये नाही, हे मला खरंच बरोबर वाटत नाही.

निकरबॉकरच्या नियमांचं खरं श्रेय वेगळ्याच गोष्टीला आहे. त्याआधी बऱ्याच ठिकाणी पळणाऱ्याला चेंडू फेकून मारला की आऊट असायचा. यांनी ते बंद केलं, चेंडू बेसवर पोचव किंवा हातात धरून पळणाऱ्याला टेकव. एकदा माणसाला चेंडू मारायचा नाही म्हटल्यावर चेंडू कडक करता आला, कडक चेंडू लांब जायला लागला, मैदान मोठं झालं, आणि मोठ्या माणसांनी खेळावा असा खेळ झाला. एका नियमानं केवढा फरक पडला बघा.

अनवाणी_फिल्डर:
वाचनखूण साठवली! राउंडर्सबद्दल थोडं. चॅडविकचं म्हणणं पण पूर्ण बरोबर नव्हतं बरं का. 'बेस-बॉल' हे नाव इंग्लंडमध्येच १७४४ च्या लहान मुलांच्या एका पुस्तकात छापलेलं आहे, जॉन न्यूबरीनं काढलेलं, चित्र आणि चार ओळींची कविता. राउंडर्स हे नाव छापील मिळतं ते १८२८ चं, म्हणजे मुलगी आधी आणि आई नंतर असं होईल. १७४९ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स फ्रेडरिक, हा क्रिकेटचा मोठा आश्रयदाता, सरे परगण्यात बेसबॉल खेळल्याची बातमी पेपरात आहे. जेन ऑस्टिनच्या 'नॉर्थँगर ॲबी'ची नायिका पण लहानपणी बेसबॉल खेळायची असा उल्लेख आहे. म्हणजे इंग्लंडमधून आला हे खरंच, पण राउंडर्समधून नाही.

आणि अमेरिकेत १७९१ ला पिट्सफील्ड गावानं ठराव केला होता, नव्या सभागृहाच्या ८० यार्डात बेसबॉल खेळायचा नाही, खिडक्या फुटतात. त्यात क्रिकेटवर पण बंदी आहे! हा कागद २००४ मध्ये जॉन थॉर्न या इतिहासकाराच्या शोधातून उजेडात आला. डबलडेचा जन्म १८१९ चा, म्हणजे तो जन्मायच्या २८ वर्षं आधी पोरं काचा फोडत होती.

झुळूक:
म्हणजे मूळ माणूस असा कुणी नाहीच. बॅडमिंटनचं पण तसंच आहे ना, पुण्यातल्या इंग्रज छावणीत तो खेळ पूना नावानं खेळायचे आणि नाव लागलं इंग्लंडमधल्या बॅडमिंटन हाऊसचं.

पण पाटीपेन्सिल, तुम्ही शीर्षकात क्रिकेट लिहिलंय ते अजून आलं नाही!

पाटीपेन्सिल:
येतोय त्याकडेच, माझ्यासाठी सगळ्या भेटीत तेच महत्त्वाचं होतं.

दुसऱ्या मजल्यावर एकोणिसाव्या शतकाचं दालन आहे, तिथून बघायला सुरुवात होते. तिथे फिरताना सारखं वाटत राहतं की हा खेळ क्रिकेटच्या माणसांनी उभा केलाय. चॅडविकचं बघा, पेपरात बेसबॉलचा जो बॉक्स स्कोर येतो, म्हणजे कुणी किती धावा वगैरे केल्या त्याचा तक्ता, तो त्यानं क्रिकेटच्या स्कोअरकार्डवरून बेतला. आज बेसबॉल म्हणजे आकड्यांचा खेळ म्हणतात, त्या आकड्यांचा पाया एका क्रिकेट वार्ताहरानं घातलाय. स्ट्राइकआऊटसाठी (तीन स्ट्राइक होऊन बॅट्समन आऊट) K लिहितात तेही त्याचंच, 'स्ट्रक' या शब्दाचं शेवटचं अक्षर, कारण S त्यानं सॅक्रिफाइससाठी (साथीदाराला पुढे सरकवायला स्वतः आऊट होणं) राखून ठेवलं होतं.

दुसरा माणूस हॅरी राइट. जन्म शेफील्डचा, १८३५. बाप सॅम राइट न्यूयॉर्कच्या सेंट जॉर्ज क्रिकेट क्लबचा पगारी खेळाडू, हॅरी पण तिथेच वाढला. १८६५ मध्ये सिनसिनाटीच्या क्रिकेट क्लबनं त्याला पगारावर बोलावलं, क्रिकेट शिकवायला! तिथे त्यानं बेसबॉल संघ हातात घेतला आणि १८६९ चा सिनसिनाटी रेड स्टॉकिंग्ज तयार केला, सगळेच्या सगळे खेळाडू उघडपणे पगारी असलेला पहिला संघ. त्याआधी पैसे गुपचूप दिले जायचे. धाकटा भाऊ जॉर्ज शॉर्टस्टॉप, त्याला १४०० डॉलर, कॅप्टन हॅरीला १२००. त्या वर्षी ५७ मॅच जिंकले, हार एकही नाही. पुढच्या वर्षी १४ जून १८७० ला ब्रुकलिनच्या ॲटलांटिक्सनी ११ डावात ८-७ असं हरवलं तेव्हा कुठे ती साखळी तुटली.

क्रिकेटमध्ये पगारी प्रोफेशनल ही जुनी गोष्ट होती, राइटच्या घरातच होती. तीच त्यानं बेसबॉलमध्ये आणली. सराव, शिस्त, एकसारखा गणवेश, फिल्डिंगच्या जागा आखून देणं, हे सगळं त्या माणसाचं. मला वाटतं आज ज्याला आपण लीग क्रिकेट म्हणतो त्याचं मूळ शोधत गेलं तर अर्धा रस्ता हॅरी राइटपाशी पोचतो.

गुगली_वाला:
जबरदस्त. क्रिकेटच्या बाजूनं भर घालतो. जगातली पहिली आंतरराष्ट्रीय क्रिकेट मॅच इंग्लंड-ऑस्ट्रेलिया नव्हे, अमेरिका विरुद्ध कॅनडा, सप्टेंबर १८४४, मॅनहॅटनमध्ये, याच सेंट जॉर्ज क्लबच्या मैदानावर. आणि इंग्लंडच्या संघाचा पहिला परदेश दौरा १८५९ चा, तोही उत्तर अमेरिकेचा, जॉर्ज पारच्या नेतृत्वाखाली, एक मॅच होबोकनला झालेली आहे. होबोकनकर, तुमच्या गल्लीत दोन्ही खेळांचा इतिहास आहे!

१८७४ मध्ये उलटं झालं, हॅरी राइट बोस्टन आणि फिलाडेल्फियाचे बेसबॉल संघ घेऊन इंग्लंडला गेला. इंग्रज म्हणाले बेसबॉल ठीक आहे पण क्रिकेट खेळून दाखवा, तर हे अठरा जण मैदानात उतरवून खेळले आणि एकही क्रिकेट मॅच हरले नाहीत.

आणि फिलाडेल्फियाचा बार्ट किंग. लहानपणी बेसबॉल खेळलेला, पिचर चेंडू हवेत वळवतात ती कला त्यानं बॉलिंगमध्ये आणली. १९०८ च्या इंग्लंड दौऱ्यात ८७ विकेट, सरासरी ११.०१, त्या मोसमात सगळ्या इंग्लंडमध्ये पहिला. स्विंग बॉलिंगचा इतिहास सांगताना त्याचं नाव घ्यायलाच हवं. रणजीसुद्धा १८९९ मध्ये संघ घेऊन फिलाडेल्फियाला गेले होते, इतकं चांगलं क्रिकेट होतं तिथे.

धोंडू_बापट:
मग अमेरिकेत क्रिकेट गेलं कुठे?

गुगली_वाला:
काका, माझं मत सांगतो. १८६१ ते ६५ च्या यादवी युद्धात सैनिक छावणीत बेसबॉल खेळायचे कारण पीच लागत नाही, एक काठी आणि चेंडू पुरतो आणि खेळ दोन-तीन तासात संपतो. युद्ध संपल्यावर ते आपापल्या गावी घेऊन गेले. क्रिकेट इंग्रजांच्या क्लबांमध्ये राहिलं, क्लबांनी स्थानिक पोरांना फारसं आत घेतलं नाही. खेळ चांगला असून भागत नाही, गल्लीतल्या पोराच्या हाती बॅट यायला लागते.

सांजवेळ:
मला नियमातले बदल वाचायला आवडतील, काही होतं का त्यावर?

पाटीपेन्सिल:
होतं ना, भरपूर. १८६४ पर्यंत एक टप्पा पडून झेल घेतला तरी बॅट्समन आऊट! आपण गल्लीत वन टप्पा आऊट खेळायचो अगदी तेच. त्यावरून मोठा वाद झाला, एक गट म्हणायचा की टप्प्यानंतर झेल घेणं पोरकट आहे, दुसरा गट म्हणायचा उघड्या हातानं कडक चेंडू धरायचा तर बोटं मोडतात. उघड्या हातानंच खेळायचे सगळे, ग्लोव्ह घालायला लाज वाटायची. १८७५ ला चार्ल्स वेट नावाच्या खेळाडूनं ग्लोव्ह घातला तो मुद्दाम कातडीच्या रंगाचा, लांबून कळू नये म्हणून. मग स्पाल्डिंगसारख्या नावाजलेल्या माणसानं काळा ग्लोव्ह उघडपणे घातला तेव्हा लोकांची भीड चेपली, आणि त्याच्या दुकानात ग्लोव्ह विकायला पण होतेच.

पिचरनं चेंडू हात खालून फिरवूनच टाकायचा, खांद्यावरून टाकायची परवानगी १८८४ ला आली. १८८७ पर्यंत बॅट्समन सांगू शकायचा की मला वर पाहिजे की खाली! वॉकसाठी (पिचरचे बॉल चुकले की बॅट्समनला फुकटात मिळणारा पहिला बेस) आज चार बॉल, १८७९ ला नऊ होते, कमी होत होत १८८९ ला चारवर आले. आणि पिचर ते होम प्लेट (बॅट्समन उभा असतो ती जागा) हे ६० फूट ६ इंच अंतर १८९३ पासूनचं, त्यानंतर कुणी हात लावलेला नाही.

कर्व्ह बॉलचं श्रेय कँडी कमिंग्जला देतात. ब्रुकलिनच्या समुद्रकिनारी लहानपणी शिंपले फेकताना ते हवेत वळतात हे त्यानं पाहिलं आणि चेंडूला तसं वळवता येईल का म्हणून वर्षानुवर्षं मागे लागला. त्याची पाटी आहे हॉल ऑफ फेममध्ये.

सांजवेळ:
बायकांबद्दल काही? की तेव्हा खेळूच देत नव्हते?

पाटीपेन्सिल:
खेळायच्या! व्हॅसर कॉलेजमध्ये १८६६ मध्येच मुलींचे बेसबॉल क्लब होते, लांब झगे घालून खेळायच्या. बायकांसाठी वेगळं दालन पण आहे. हॉल ऑफ फेममध्ये मात्र आजवर एकच बाई, एफा मॅनली, न्यूअर्क ईगल्स या कृष्णवर्णीयांच्या संघाची मालकीण, २००६ मध्ये घेतलं.

अनवाणी_फिल्डर:
कृष्णवर्णीय खेळाडूंवरचं दालन पाहिलंत का? १९४७ ला मेजर लीगमधली (सगळ्यात वरच्या लीगमधली) कृष्णवर्णीयांवरची बंदी मोडणारा जॅकी रॉबिन्सन सगळ्यांना माहीत असतो, त्याआधीचं कुणी सांगत नाही.

पाटीपेन्सिल:
पाहिलं, आणि तिथे मला बड फाउलर भेटला. याच्यावर मी वेगळा लेख लिहिणार आहे पण थोडक्यात सांगतो.

खरं नाव जॉन जॅक्सन, जन्म १८५८. वडील न्हावी, आणि तो वाढला कुठे, तर कूपरस्टाउनमध्ये! १८७८ मध्ये मॅसॅच्युसेट्समध्ये पैसे घेऊन खेळला, पैसे घेऊन खेळलेला ज्ञात असलेला पहिला कृष्णवर्णीय खेळाडू. पुढची कित्येक वर्षं गावोगाव संघ बदलत खेळला, चांगला खेळायचा म्हणून घ्यायचे आणि गोऱ्या खेळाडूंनी तक्रार केली की काढायचे. दुसऱ्या बेसवर उभा असताना गोरे रनर बुटाचे खिळे पायात घुसवायचे म्हणून नडगीला लाकडी पट्ट्या बांधून खेळायचा असं त्या काळच्या खेळाडूंनी सांगून ठेवलंय. १८८७ च्या जुलैत इंटरनॅशनल लीगनं ठराव केला की यापुढे काळ्या खेळाडूंशी करार नाहीत, त्याच मोसमात तो त्या लीगमधल्या बिंगहॅम्टनच्या संघाकडून खेळला होता. मग १८९५ मध्ये मिशिगनमध्ये पेज फेन्स जायंट्स हा संघ उभा केला. १९१३ ला गरिबीत वारला, थडग्यावर दगड सुद्धा नव्हता, तो १९८७ मध्ये बेसबॉलच्या अभ्यासकांनी बसवला.

तसाच मोझेस फ्लीटवूड वॉकर, १८८४ ला टोलेडोकडून कॅचर (बॅट्समनमागे चेंडू धरणारा, आपला विकेटकीपर) म्हणून मेजर लीगमध्ये खेळला. त्याचा पिचर टोनी मुलेन नंतर स्वतः कबूल करतो की वॉकर उत्तम कॅचर होता पण कुठला चेंडू टाकायचा याच्या त्याच्या खुणा मी मानायचो नाही, मला हवा तो चेंडू टाकायचो. विचार करा, उघड्या हातानं, काय येणार हे माहीत नसताना तो चेंडू धरायचा.

गावानं डबलडे ज्यानं तिथे काही केलंच नाही त्याच्या नावानं मैदान बांधलं, आणि जो खरंच त्या गल्ल्यांत वाढून बेसबॉल खेळला त्याला हॉल ऑफ फेममध्ये यायला २०२२ उजाडलं. आता डबलडे फील्डकडे जाणाऱ्या रस्त्याला फाउलर वे नाव दिलंय. मी मुद्दाम त्या रस्त्यानं गेलो.

होबोकनकर:
बड फाउलर मला अजिबात माहीत नव्हता, धन्यवाद. लेख नक्की लिहा, वाट बघतो.

सांजवेळ:
आम्ही उन्हाळ्यात भावाकडे ऑल्बनीला जाणार आहोत, तिथून जमेल का? मुलगा दहा वर्षांचा आहे, क्रिकेटवेडा, बेसबॉल काहीच कळत नाही.

पाटीपेन्सिल:
नक्की जमेल, ऑल्बनीहून दीड तासाच्या आसपास आहे. सकाळी उघडायच्या वेळी पोचा, कारण दुपारी गर्दी होते. जुलैच्या शेवटी नव्या खेळाडूंना दाखल करून घेण्याचा सोहळा असतो, त्या शनिवार-रविवारी जाऊ नका, गावात पाय ठेवायला जागा नसते. आत गेल्यावर आधी दुसरा मजला करा, ब्राँझच्या पाट्यांचं दालन तळमजल्यावर आहे ते शेवटी ठेवा, म्हणजे नावं ओळखीची झालेली असतील. मुलाला बेसबॉल येत नसेल तर चॅडविकच्या स्कोअरकार्डपासून सुरू करून द्या, बॅट आणि धावा त्याला कळतातच. डबलडे फील्ड चालत पाच मिनिटांवर आहे, मॅच चालू असेल तर थोडा वेळ बसा.

सांजवेळ:
हे फार उपयोगी पडेल, जुलै टाळून ऑगस्टचं बघते.